टाळ्या कागदावर उतरत नाहीत

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात मी शब्दांकनाचं काम करायचे. म्हणजे कॅसेट लावायची, चार शब्द ऐकायचे, थांबवायची, लिहायचं, नीट कळलं नाही की पुन्हा मागे न्यायची. एकदा एका नामांकित वक्त्याचं दीड तासाचं भाषण माझ्या वाट्याला आलं. त्या सभेला मी स्वतः हजर होते. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. माझ्या शेजारचे एक आजोबा रुमालाने डोळे पुसत होते. दोन दिवस खपून मी ते भाषण शब्दन् शब्द उतरवलं, वाचायला घेतलं आणि पोटात गोळा आला. हाताला काहीच लागेना. अर्धी वाक्यं मध्येच सोडलेली, एकच मुद्दा चार वेळा, आणि ज्या वाक्याला सगळ्यांत मोठी टाळी पडली होती ते वाक्य होतं, "आणि पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे!"

संपादकांनी वाचलं आणि म्हणाले, "हे छापता येणार नाही. पण फेकू नकोस, शिकण्यासारखं आहे."

काय शिकायचं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या टाळीच्या वाक्यात वक्त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं काम त्याने लोकांवर सोपवलं होतं. पुढे काय झालं ते प्रत्येकाने मनातल्या मनात पुरं केलं आणि टाळी वाजवली ती स्वतः पुऱ्या केलेल्या वाक्याला. लिहिणारा माणूस नेमकं इथेच चुकतो. त्याला सगळं स्वतःच सांगून टाकायचं असतं.

बोलणाऱ्याकडे आवाज असतो, हात असतात, थांबणं असतं, समोर चेहरे असतात. यातलं काहीही कागदावर येत नाही, त्यामुळे त्याचा हेवा करून उपयोग नाही. पण बोलणाऱ्यासमोर एक अडचणही असते, जी लिहिणाऱ्याला नसते. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. वाक्य निसटलं की गेलं. या अडचणीतून वाट काढण्यासाठी चांगल्या वक्त्यांनी भाषेतच काही सोयी करून ठेवल्या. त्या सोयींना माइक लागत नाही, म्हणून त्या लिहिणाऱ्याला उचलता येतात.

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. हे वाक्य वाचा: "काल झालेल्या बैठकीत अतिवृष्टीने पिकांचे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना दिवाळीपूर्वी मदत देण्याबाबत संबंधित विभागांना कोणताही आदेश दिल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले नाही." शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत वाचणारा बिचारा बैठक, अतिवृष्टी, दिवाळी, विभाग असं सगळं ओझं डोक्यावर घेऊन चालतो आणि मुक्कामाला पोचल्यावर त्याला कळतं की काही घडलेलंच नाही. माणूस एका वेळी थोडंच डोक्यात धरू शकतो. क्रियापद येईपर्यंत त्या शब्दांचं नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते नुसते धरून ठेवतो.

बोलताना आपण असं करत नाही. "गेले होते मी काल बँकेत. कुणी बघेना." क्रियापद आधी टाकून आपण समोरच्याला मोकळं करतो. फर्डे वक्तेही हेच करतात: आधी "ऐका", "सांगा", "जाऊ नका", मग बाकीचं. लिहिताना प्रत्येक वाक्य असं उलटं केलं तर ते तमाशातल्या सोंगाड्यासारखं होईल, हे खरं. पण क्रियापद लवकर यावं म्हणून वाक्यच आखूड करता येतं. तेवढं केलं तरी निम्मं काम होतं.

आता ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्याकडे वळू. माझ्या यादीत पहिले आहेत गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ साली जन्मलेला हा माणूस शाळेत शिकलेला नव्हता. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचं, हा त्यांचा क्रम. भाषा वऱ्हाडी. समोर शेतकरी, मजूर, हमाल, बायाबापड्या आणि क्वचित मंत्रीसुद्धा. त्यांच्या शेवटच्या काळातल्या, नोव्हेंबर १९५६ मधल्या वांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला ते गेले. लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते मुद्रण एकदा ऐकावं, आणि भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून, कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं ऐकावं.

पहिलं लक्षात येतं ते हे, की बाबा ठाम विधान फार क्वचित करतात. ते विचारतात. देवळात गेलात, देव दिसला का? दिसला. कशामुळे दिसला? दिव्यामुळे. दिवा नसता तर? नसता दिसला. मग मोठा कोण? अशा पायऱ्या. एकेका पायरीवर लोक एका शब्दात उत्तर देतात, आणि शेवटच्या पायरीवर पोचतात तेव्हा मागे फिरायला वाट नसते, कारण इथवर ते स्वतःच्याच उत्तरांवरून चालत आलेले असतात. "मूर्तिपूजा निरर्थक आहे" असं बाबा पहिल्याच मिनिटाला म्हणाले असते तर निम्मी माणसं उठून गेली असती. ते वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. लोकांच्या तोंडून जवळपास वदवून घेतलं.

आता यातली खुबी बघा. प्रत्येक प्रश्न इतका लहान आहे की उत्तर चुकण्याची भीतीच नाही. आपण लेखात प्रश्न विचारतो तो असा असतो: "मग या व्यवस्थेला जबाबदार कोण?" याला वाचक काय उत्तर देणार? तो प्रश्न विचारण्यासाठी नसतोच, लिहिणाऱ्याचा सात्त्विक संताप दाखवण्यासाठी असतो. बाबांचा प्रश्न खरोखर विचारलेला असतो आणि उत्तरासाठी ते थांबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं घरातलं सामान. मुलांना शिकवा, हे त्या काळात बरेच पुढारी सांगत होते. बाबांनी ते कसं सांगितलं? जेवायचं ताट मोडा आणि हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोराला शाळेत घाला. या आशयाचं त्यांचं बोलणं आज भिंतींवर रंगवलेलं दिसतं, त्यामुळे आपल्याला त्याची सवय झाली आहे. जरा नव्याने वाचा. ताट ही गरिबाच्या घरातली धातूची वस्तू, म्हणजे अडीनडीला मोडून पैसे करता येतील अशी. ते मोडलं तर रोजच्या जेवणात नेमकं काय बदलेल? भाकर ताटाऐवजी तळहातावर येईल. बस, एवढंच बदलेल. पोट तेवढंच भरेल. "शिक्षणाला प्राधान्य द्या" या वाक्यात किंमतही नाही आणि हिशोबही नाही. बाबांच्या वाक्यात दोन्ही आहे, आणि हिशोब ऐकणाऱ्याच्या स्वयंपाकघरातला आहे.

आणि मधूनमधून "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला". भजनाचा हा गजर मी पूर्वी नुसता भक्तीचा भाग समजत असे. ध्वनिमुद्रण ऐकताना कळलं की तो परिच्छेद आहे. एक मुद्दा पोचला, लोक थोडे दमले, थोडे हलले. आता सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा आणि पुढच्या मुद्द्याला तयार व्हायचं. आपण लिहिताना परिच्छेद पाडतो ते बहुधा पानभर मजकूर अंगावर येऊ नये म्हणून. बाबा पाडायचे ते समोरच्याचा दम बघून.

टिळकांकडे वळताना एक सांगते. ते सभेत गर्जना करणारे वक्ते नव्हते असं त्यांना ऐकलेल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे, आणि मला ते सोयीचं वाटतं, कारण त्यांचं बोलणं आपल्याला मुळात कागदावरच सापडतं. २२ जून १८९७ ला पुण्यात प्लेग बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर सरकारने शहराला जी वागणूक दिली त्यावर ६ जुलैच्या 'केसरी'त अग्रलेख आला, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" याच लेखामुळे टिळक तुरुंगात गेले असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या वर्षीचा राजद्रोहाचा खटला १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा मथळा, यातच सगळं आलं.

हा मथळा मोठ्याने म्हणून बघा. यात एकही शब्द असा नाही जो वाड्यातल्या चौकात भांडताना वापरला जात नाही. दारू पिऊन आलेल्या मेहुण्याला जे विचारतात तेच टिळकांनी जगातल्या सगळ्यांत मोठ्या साम्राज्याला विचारलं. त्या विजोडपणातच मथळ्याचं बळ आहे. 'प्रशासनाची विवेकशून्यता' असा मथळा दिला असता तर सरकार उलट मोठं झालं असतं, कारण मोठे शब्द ज्याच्याबद्दल वापरावेत त्यालाही मोठं करतात. आणि इथेही प्रश्नच आहे. उत्तर वाचकाने द्यायचं.

आठवड्याने, १३ जुलैला, पुढचा मथळा आला: "राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे." आता प्रश्न नाही, धडा आहे. शाळामास्तर व्याख्या सांगतात त्या सुरात. १९०८ मध्ये ज्या लिखाणासाठी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्यातला एक मथळा होता "हे उपाय टिकाऊ नाहीत". याचा सूर तर वैद्याचा आहे, गळक्या छपरावर डागडुजी बघून मान हलवणाऱ्या गवंड्याचाही म्हणता येईल. विषय जितका पेटलेला, तितका मथळा थंड. आजचे मथळे याच्या बरोबर उलट असतात. पावसाच्या चार सरी पडल्या की "हाहाकार". मग खरा हाहाकार होतो तेव्हा शब्द कुठून आणायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण सगळ्यांना त्यातल्या दोन-तीन वाक्यांमुळे माहीत आहे. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध. मूळ भाषण इंग्रजीत आहे. पण ही वाक्यं येतात भाषणाच्या उत्तरार्धात. त्याआधी काय आहे? आकडे. रुक्ष, सरळ आकडे.

संविधान सभा पहिल्यांदा भरली ९ डिसेंबर १९४६ ला, म्हणजे आता २ वर्षं ११ महिने १७ दिवस होतील. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. फार वेळ लावला असा आरोप होता, तर अमेरिकेला किती लागला, कॅनडाला किती, ऑस्ट्रेलियाला किती, दक्षिण आफ्रिकेला किती, आणि त्यांच्या घटना लांबीने केवढ्या, तेही सांगितलं. आपली ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. मग श्रेयाची गोष्ट. मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं एकट्याचं नाही, असं म्हणून त्यांनी संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं, मसुदा शब्दबद्ध करणाऱ्या एस. एन. मुखर्जींचं घेतलं.

इतकं झाल्यावर मग इशारे. व्यक्तिपूजेचा, अराजकाच्या व्याकरणाचा (म्हणजे घटनाबाह्य मार्गांचा), विसंगतीचा.

हा क्रम उलटा करून बघा. उभं राहिल्या राहिल्या त्यांनी विसंगतीचं वाक्य टाकलं असतं तर ते एका नाराज माणसाचं वाक्य ठरलं असतं. आकड्यांनी त्यांनी दाखवून दिलं की हा माणूस मोजून बोलतो. श्रेय वाटून दाखवून दिलं की तो स्वतःसाठी बोलत नाही. मोठं वाक्य झेपेल एवढी जमीन आधी तयार केली. हल्ली आम्हा लिहिणाऱ्यांना सांगतात की सगळ्यांत जोरदार वाक्य पहिल्या ओळीत टाका, नाहीतर वाचक पळून जाईल. काही लेखांसाठी ते बरोबर असेल. पण ज्या वाक्यावर वाचकाने विश्वास ठेवायला हवा, ते वाक्य पहिल्या ओळीत उघडं पडतं, कारण त्याच्या मागे अजून कुणी उभं नसतं.

याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेपुढे बोलताना फ्रान्समधल्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला, आणि तिथेच जमलेल्या बायकांशी बोलताना लुगडं कसं नेसावं, अंगावर कुठले दागिने घालू नयेत, हे सांगितलं. विषय दोन्हीकडे एकच, माणूस म्हणून मान. एकीकडे तो फ्रान्समधून आला, दुसरीकडे पायातल्या वाळ्यांतून. बायकांना सोपं करून सांगितलं असं मी म्हणणार नाही. ज्याचा निर्णय त्या उद्या सकाळी स्वतः घेऊ शकत होत्या, ते त्यांना सांगितलं.

नेहरूंबद्दल थोडक्यात. गांधींची हत्या झाली त्या संध्याकाळी, ३० जानेवारी १९४८ ला, ते आकाशवाणीवर बोलले. आपल्या जीवनातला प्रकाश गेला, असं म्हणाले. पुढे थोड्याच वेळात म्हणाले, प्रकाश गेला असं मी म्हणालो खरं, पण माझं चुकलं. तो प्रकाश साधा नव्हता. लिहिताना आपण असलं काही दिसलं की आधीचं वाक्य खोडतो आणि दुरुस्त वाक्य तेवढं ठेवतो. पान स्वच्छ दिसतं. पण विचार वळला ती जागा पुसली जाते, आणि वाचकाला आपल्याबरोबर वळायची संधीच राहत नाही. कधीतरी खोडलेलं वाक्य ठेवून बघावं.

चुकांचा विषय निघालाच आहे तर. साताऱ्यात १८ ऑक्टोबर २०१९ ला शरद पवार भर पावसात बोलले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. राजकारण बाजूला ठेवा. त्या छोट्याशा भाषणात पावसापेक्षा महत्त्वाचं होतं ते हे, की लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली असं त्यांनी जाहीरपणे कबूल केलं. चूक कुणाची, कशात, हे दोन्ही वाक्यात होतं. याच्या शेजारी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचं जानेवारी १९८७ मधलं वाक्य ठेवा: गंभीर चुका झाल्या. कुणी केल्या? वाक्यात तो माणूसच नाही.

आपल्या सरकारी मराठीने तर यासाठी कारखानाच उघडला आहे, 'करण्यात आले आहे'. रस्ता बंद करण्यात आला आहे. तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. योग्य ती कारवाई करण्यात येईल. करणारा कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वाक्य व्याकरणशुद्ध, कर्ता फरार. सार्वजनिक जीवनातल्या माणसांकडून हेही शिकायचं, पण ओळखण्यासाठी. एखादं वाक्य गुळगुळीत लागलं की विचारायचं, कोणी? बहुतेक वेळा तिथेच काहीतरी लपवलेलं असतं. आपल्या स्वतःच्या लेखात तर हमखास, कारण 'असे मानले जाते' तिथेच आपण लिहितो जिथे कोण मानतं ते आपण शोधलेलं नसतं.

काही गोष्टी मात्र व्यासपीठावरच राहू द्याव्यात. आचार्य अत्र्यांची "गेल्या दहा हजार वर्षांत" ही अतिशयोक्ती सभेत हशा पिकवायची, कारण ती थट्टा आहे हे त्यांनाही माहीत होतं आणि लोकांनाही. कागदावर दुसऱ्यांदा आली की ती सवय वाटते. पुनरुक्तीचंही तसंच. सभेत ती ऐकणाऱ्याची सोय असते. कागदावर वाचकाला वाटतं, मला एकदा सांगून कळत नाही असं हिला वाटतंय की काय. आणि "मित्रहो" तर नकोच.

मी हे सगळं सांगतेय, पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावायची नोटीस माझ्याकडे आली. लेखिका ना मी. बसले आणि लिहिलं: "टाकी दुरुस्तीच्या कामानिमित्त मंगळवारी पाणीपुरवठा काही काळ बंद ठेवण्यात येणार आहे. तरी सभासदांनी सहकार्य करावे." तळमजल्यावरच्या काकूंना वाचून दाखवली. वाचता वाचताच जीभ अडखळली, पण तोवर त्या बोलल्याच होत्या.

"काही काळ म्हणजे किती गं? आणि सहकार्य म्हणजे मी काय करू?"

दुसरी नोटीस अशी झाली: "मंगळवारी सकाळी ९ ते २ नळाला पाणी येणार नाही. प्लंबर टाकीची गळती काढणार आहे. सोमवारी रात्रीच पाणी भरून ठेवा."

काकूंनी चष्मा वर करून ती वाचली, पेन मागितलं आणि शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने दोन शब्द घातले: "पिण्याचं वेगळं."